मशीनजवळच्या माणसाचे शिक्षण

आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार तास असे धरले तर डायलिसिसवरचा रुग्ण वर्षाला सहाशेच्या वर तास मशीनला जोडलेला असतो. त्यातले किडनीतज्ज्ञ डॉक्टरांच्या वाट्याला किती येतात? फेरी झाली, रिपोर्ट पाहिले, एखादे औषध बदलले, इतकेच. बाकी सारा वेळ उशाशी असतात ते तंत्रज्ञ आणि सिस्टर. सुई तेच टोचतात, रक्तदाब घसरला की सलाइन तेच सोडतात आणि ‘केळं चालेल का हो?’ हेही त्यांनाच विचारले जाते. आपल्या आजाराबद्दल रुग्ण जे शिकतो, त्यातले बरेचसे या माणसांकडून. मग त्यांना कोण शिकवते आणि काय शिकवते, हे मीरा-भाईंदरसारख्या शहरात तपासून पाहावे. इथल्या प्रश्नांची उत्तरे परदेशी पाठ्यपुस्तकात जशीच्या तशी मिळत नाहीत.

मुळात हे शास्त्रच हातांनी उभे केलेले. १९४३ साली नेदरलँड्समधल्या काम्पेन गावी, जर्मनांच्या ताब्यातल्या मुलखात, विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरने सॉसेजच्या आवरणासाठी वापरतात ती सेलोफेनची नळी लाकडी पिंपाभोवती गुंडाळून पहिले चालते कृत्रिम मूत्रपिंड बनवले. पहिला रुग्ण खऱ्या अर्थाने वाचायला १९४५ उजाडले. १९६० मध्ये सिएटलला बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हाताच्या रक्तवाहिन्यांत टेफ्लॉनची नळी कायमची बसवली, तेव्हा कुठे त्याच माणसाला पुन्हा पुन्हा डायलिसिस देणे शक्य झाले. आपल्याकडे मुंबईच्या के.ई.एम.मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांच्या चमूने १९६५ साली देशातले पहिले मूत्रपिंड प्रत्यारोपण केले. रुग्ण फार दिवस जगला नाही, पण परळच्या त्या इमारतीत एक दार उघडले. पुढे कित्येक वर्षे विरार-भाईंदरकडच्या किडनीरुग्णाची वाट लोकलने परळकडेच जायची. आता मीरा रोड आणि भाईंदरमध्येच मशीन आहेत. २०११ च्या जनगणनेत आठ लाखांवर भरलेल्या या शहराला त्यांची गरजही आहे. मशीन विकत आणता येते. ते चालवणारा माणूस तयार व्हायला मात्र वेळ लागतो.

सुरुवात पाण्यापासून करायला हवी. अभ्यासक्रमात हा धडा बहुधा मागे असतो; माझ्या मते तो पहिला हवा. डायलिसिसच्या द्रावाचा वेग साधारण मिनिटाला ५०० मिलिलिटर, म्हणजे चार तासांत १२० लिटर. आठवड्याला तीन बैठका धरल्या तर रुग्णाच्या रक्तासमोरून ३६० लिटर पाणी जाते आणि मध्ये असतो तो केवळ एक पातळ पडदा. आपण पितो ते पाणी आतड्यातून, यकृतातून गाळून पुढे जाते. या पाण्याला तसली चौकी नाही. म्हणून आधी कार्बनच्या टाक्या, मग आर.ओ., आणि तरीही रोजची तपासणी. क्लोरीन आणि क्लोरामाइन मिळून लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमच्या पुढे जाता कामा नये, आणि हे दर पाळीआधी पाहायचे, महिन्यातून एकदा नव्हे. क्लोरामाइन आर.ओ.च्या पडद्यावर पुरते अडत नाही. त्याला अडवतो तो कार्बन. तो थकला असेल तर रुग्णाच्या तांबड्या पेशी मशीनवरच फुटू लागतात.

आता हा धडा मीरा-भाईंदरला लावून पाहा. शहराला स्वतःचे धरण नाही. पाणी येते ते मुख्यतः स्टेम पाणीपुरवठा प्राधिकरण आणि एमआयडीसी यांच्याकडून, आणि उन्हाळ्यात सोसायट्यांच्या दारात टँकर उभे राहतात, हे इथल्या कुणालाही सांगावे लागत नाही. सूर्या प्रकल्पाची ४०३ दशलक्ष लिटरची प्रादेशिक योजना आखली, त्यातले २१८ दशलक्ष लिटर या शहराच्या वाट्याचे. पाण्याची गरज किती आहे, ते त्यावरूनच कळते. नळाचे पाणी वेगळे, टँकरचे वेगळे, बोअरिंगचे त्याहून वेगळे. पावसाळ्यात गढूळपणा वाढला की शुद्धीकरण केंद्रात तुरटी आणि क्लोरीनही वाढते. तुरटी म्हणजे ॲल्युमिनियम. १९७० च्या दशकात परदेशातल्या केंद्रांत डायलिसिसवरच्या रुग्णांची वाचा अडखळू लागली, झटके येऊ लागले, स्मृती जाऊ लागली. तपासात बोट ॲल्युमिनियमकडे गेले. टँकरचे तर एक भीषण उदाहरण आहे. १९९६ साली ब्राझीलच्या कारुआरू शहरातल्या केंद्रात टँकरने आलेल्या, धड न शुद्ध केलेल्या जलाशयाच्या पाण्यातून शेवाळी जिवाणूंचे विष रुग्णांच्या रक्तात गेले. शंभरच्या आसपास रुग्णांची यकृते निकामी झाली आणि पन्नासच्या वर माणसे दगावली. जगभरच्या डायलिसिस प्रशिक्षणात ही घटना शिकवतात. आपल्याकडे ती ‘परदेशात असे झाले होते’ म्हणून सांगून भागणार नाही. जूनच्या पहिल्या पावसानंतर किंवा पुरवठा बदलल्यावर आपल्या केंद्राचे पाणी कुणी, कधी तपासले, हे तंत्रज्ञाला डायरी न उघडता सांगता आले पाहिजे.

दुसरा विषय सुईचा. हाताची धमनी आणि शीर जोडून करतात त्या फिस्टुलाची कल्पना १९६६ साली न्यूयॉर्कमध्ये ब्रेशिया, सिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. प्रत्यक्ष जोडकाम केले ॲपेल या शल्यविशारदाने. यातले सिमिनो विद्यार्थी असताना रक्त काढण्याचे काम करत. शिरा कशा फुगतात, कुठली शीर हाताला लागते, हे त्यांना बोटांनी ठाऊक होते. ज्ञानाचा हा उगम मला महत्त्वाचा वाटतो. आज फिस्टुलाचे आयुष्य बव्हंशी तंत्रज्ञाच्या बोटांवर ठरते. रोज सकाळी त्यावर हात ठेवून कंप लागतो का पाहायला रुग्णाला शिकवणे, सुया दर वेळी जागा बदलत थोड्या वर टोचत जाणे, कंप थांबला तर त्याच दिवशी धावणे. रुग्ण बिचारा म्हणतो, ‘त्याच जागी टोचा, तिथे दुखत नाही.’ खरेच दुखत नाही, कारण तिथली कातडी बधिर होऊन सैल पडलेली असते आणि खाली फुगा तयार होत असतो. नाही म्हणायचे, पण माणूस दुखवायचा नाही, आणि शेजारच्या खुर्चीवर पुढचा रुग्ण थांबलेला. हे कुठल्याही लेखी परीक्षेत येत नाही. हिपॅटायटिस ‘बी’ची दुप्पट मात्रेची लस, मशीन वेगळे ठेवणे, प्रत्येक रुग्णागणिक हातमोजे बदलणे हे पाठ असते; पण घाईच्या पाळीत त्याचे काय होते, तेही शिकवायला हवे.

आणि मग स्वयंपाकघर. इथे मीरा-भाईंदर फार अवघड वर्ग आहे. उत्तन-चौकच्या कोळी घरात बांबूच्या वलांडीवर नुसता वाळवलेला बोंबील आणि मिठात खारवलेला मासा यांत किडनीरुग्णाच्या दृष्टीने मोठा फरक आहे. दोन्ही एकदम ‘बंद’ सांगणारा सल्लागार घरातले जेवणच बंद करतो. भाईंदरच्या जैन घरात कांदा-बटाटा आधीच नाही; तिथे पर्युषणातला पाण्याचा आणि उपवासाचा हिशेब समजून घ्यावा लागतो. मीरा रोडच्या नया नगरात रमजानमध्ये खजुराबद्दल बोलावे लागते. मराठी घरात एकादशी आली की साबुदाण्याबरोबर रताळे, बटाटा, शेंगदाणे, केळे असे पोटॅशियमने भरलेले ताट समोर येते, आणि उपवास म्हणजे हलके खाणे अशी सगळ्यांची समजूत. दिवाळीत चिवड्यातले खोबरे आणि दाणे यांची तीच गत. उन्हाळ्यात नारळपाणी ‘थंड असते’ म्हणून पाजले जाते. कोकणातून आलेली करमळं, म्हणजे कमरख, तर किडनीरुग्णाने शिवूही नयेत. २०१३ साली ब्राझीलच्या संशोधकांनी त्यातले कॅरम्बॉक्सिन हे मेंदूवर घाला घालणारे द्रव्य वेगळे करून दाखवले. आणि रक्तदाबासाठी चांगले म्हणून घरात आणलेले कमी सोडियमचे मीठ? त्यात सोडियमच्या जागी काही प्रमाणात पोटॅशियम क्लोराइड असते.

उलटी चूकही तितकीच होते. डायलिसिस सुरू होण्याआधी डाळ कमी करायला सांगितलेली असते. सुरू झाल्यावर प्रथिने वाढवायची असतात, वजनाच्या किलोमागे दिवसाला साधारण १ ते १.२ ग्रॅम. पण घरात ‘डाळ बंद’ हे वाक्य कायमचे बसते आणि माणूस झिजत जातो. यासाठी आहारतज्ज्ञाला परदेशी तक्ते वापरण्याची गरज उरलेली नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली ५२८ भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले, पोटॅशियम-फॉस्फरससकट. त्यातून या शहरापुरती चार पानांची मराठी, गुजराती आणि हिंदी पुस्तिका काढणे हे एखाद्या आहारशास्त्राच्या विद्यार्थिनीच्या प्रकल्पाएवढे काम.

रुग्णांसाठी मराठीत सोपे वाचन उपलब्ध आहे. राजकोटच्या डॉ. संजय पंड्या यांचे किडनीवरचे पुस्तक अनेक भारतीय भाषांत निघाले, त्यात मराठीही. नव्या तंत्रज्ञानेही आधी तेच वाचावे, असे मी सुचवीन. रुग्णाला कुठे काय कळत नाही हे त्यातून कळते. पुढची पायरी मात्र इंग्रजीच. केडिगो या किडनीविकारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची मार्गदर्शक तत्त्वे फुकट मिळतात, पण ती डॉक्टरांसाठी लिहिलेली. अवयवदान समन्वयकांचे प्रशिक्षण मोहन फाउंडेशनने १९९७ मध्ये स्थापन झाल्यापासून पुष्कळ पुढे नेले. मशीनजवळच्या माणसासाठी तितके सलग काम दिसत नाही. सहा महिन्यांच्या वर्गापासून चार वर्षांच्या पदवीपर्यंत सगळे ‘डायलिसिस टेक्निशियन’ म्हणूनच काम करत आले. २०२१ च्या राष्ट्रीय सहबद्ध आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने या पेशाला प्रथमच देशपातळीवर नोंदणीची आणि समान अभ्यासक्रमाची चौकट दिली. चांगले झाले. पण जे दहा-पंधरा वर्षे कामावर आहेत, ज्यांच्या बोटांत सगळे आहे आणि कागदावर काहीच नाही, त्यांना या चौकटीत सन्मानाने कसे आणायचे, ही खरी परीक्षा.

अभ्यासक्रमातही एक गृहीत चुकते. आठवड्याला तीन डायलिसिस हे पुस्तकी प्रमाण. आपल्याकडे पैशापायी, प्रवासापायी, कामावरच्या रजेपायी कित्येक रुग्ण दोनदाच येतात. मधला काळ लांबला की अंगात पाणी साठते, पोटॅशियम चढते. दोन दिवसांच्या खंडानंतर मृत्यूचे प्रमाण वाढते, हे २०११ च्या मोठ्या अमेरिकी अभ्यासाने दाखवले, आणि तो तर तीनदा येणाऱ्यांचा होता. दोनदा येणाऱ्याला किती पाणी प्यायला सांगायचे, एका बैठकीत किती काढायचे, कुठे थांबायचे, यावर भारतीय तंत्रज्ञांसाठी वेगळे प्रकरण हवे.

२०१६ च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला तेव्हा सरकारनेच सांगितले होते की देशात दरवर्षी सुमारे २.२ लाख नवे रुग्ण शेवटच्या टप्प्याला पोहोचतात, एका डायलिसिसला साधारण दोन हजार रुपये लागतात आणि वर्षाचा खर्च तीन लाखांवर जातो. राज्याच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेचाही आधार झाला. यातून खुर्च्या वाढल्या. राष्ट्रीय कार्यक्रमात खासगी सेवादात्याला पैसे मिळतात ते प्रत्येक डायलिसिसमागे. तंत्रज्ञाने पाण्याची तपासणी शिकण्यात घालवलेला तास, किंवा नव्या रुग्णाच्या बायकोला बटाटे चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकायला शिकवण्यात घालवलेली वीस मिनिटे त्या हिशेबात धरली जात नाहीत. पुढच्या वेळी निविदा निघेल तेव्हा दर पाळीमागे शिकवण्याची ठरावीक मिनिटे आणि वर्षातून पाण्याची एक बाहेरची तपासणी, एवढ्या दोन ओळी त्यात घालता येतील. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.