थायरॉईडचे दुखणे : कारण आणि उपाय

भगवान बुद्धांनी दुःख आहे एवढेच सांगितले नाही, तर दुःखाला कारण असते आणि ते दूर करता येते, हेही सांगितले. म्हणूनच बौद्ध वाङ्मयात तथागतांना वैद्याची उपमा दिलेली आढळते. हीच दृष्टी शरीराच्या दुखण्यालाही लावावी, या हेतूने आम्ही प्रस्तुत लेखात थायरॉईड ग्रंथी प्रमाणाबाहेर काम करू लागते त्या विकाराची माहिती देत आहोत.

थायरॉईड म्हणजेच अवटू ग्रंथी गळ्याच्या पुढच्या बाजूस असते. तिचा आकार फुलपाखरासारखा आणि वजन साधारण १५ ते २५ ग्रॅम. अन्नातील आयोडीन घेऊन ती टी-३ व टी-४ ही संप्रेरके तयार करते. शरीरातील सर्व व्यवहार कोणत्या वेगाने चालावेत, हे या संप्रेरकांवर ठरते. ग्रंथीवर देखरेख असते ती मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीची. रक्तात थायरॉईडची संप्रेरके कमी पडली की पियूषिका टीएसएच वाढवते, जास्त झाली की ते कमी करते. त्यामुळे थायरॉईडचा अतिस्राव असताना टी-३, टी-४ वाढलेले, पण टीएसएच अगदी कमी झालेले दिसते. अहवालात टीएसएच जास्त म्हणजे थायरॉईड जास्त, असा अनेकांचा समज असतो. बहुधा वस्तुस्थिती नेमकी उलट असते.

या विकाराची लक्षणे अशी : भूक लागूनही वजन घटणे, छातीत धडधड, हातांना कंप, घाम, उकाडा सहन न होणे, वारंवार शौचास होणे, झोप न लागणे, चिडचिड, पाळी अनियमित होणे. काहींचा गळा सुजतो, काहींचे डोळे बटबटीत होतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा विकार कितीतरी पटींनी अधिक आढळतो, आणि येथेच खरा घोटाळा होतो. नव्या सुनेची चिडचिड झाली की ती तापट ठरते. विद्यार्थिनीचे हात कापू लागले की तिने परीक्षेचा धसका घेतला असे म्हणतात. त्यातून निभावले नाही तर बाहेरची बाधा म्हणून गंडेदोरे सुरू होतात. यात महिने जातात, आणि तोवर हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, हाडे ठिसूळ होऊ शकतात. रक्ताच्या एका साध्या तपासणीने जे कळले असते, त्यासाठी एखाद्या मुलीच्या स्वभावाला दोष दिला जातो.

वैद्यकशास्त्रालाही कारण एका दिवसात सापडले नाही. डब्लिनचे डॉ. रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ साली आणि जर्मनीतील डॉ. बासेडो यांनी १८४० साली या रोगाचे वर्णन केले. अतिस्रावाचे सर्वांत मोठे कारण असलेला रोग आजही ‘ग्रेव्हजचा रोग’ म्हणून ओळखला जातो. १९५६ साली न्यूझीलंडमधील ॲडम्स आणि पर्व्हज यांना अशा रुग्णांच्या रक्तात थायरॉईडला दीर्घकाळ चेतवणारा एक घटक आढळला. तो शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने बनवलेला प्रतिपिंड आहे, हे पुढे सिद्ध झाले. म्हणजे बाधा बाहेरची नसून शरीराचे रक्षक दलच चुकून ग्रंथीला सतत कामाला जुंपत असते.

उपचार तीन प्रकारचे आहेत. पहिला शस्त्रक्रियेचा. ती सुरक्षित करण्याच्या आणि थायरॉईडविषयीच्या कार्याबद्दल स्वित्झर्लंडचे डॉ. कोखर यांना १९०९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरा औषधांचा. अमेरिकेत डॉ. ॲस्टवूड यांनी १९४३ साली संप्रेरकनिर्मिती रोखणारी औषधे वापरात आणली. आज आपल्याकडे कार्बिमॅझोलच्या गोळ्या सर्रास दिल्या जातात. तिसरा किरणोत्सारी आयोडीनचा. १९३६ साली बोस्टनमधील एका व्याख्यानानंतर डॉ. सॉल हर्ट्झ यांनी वक्त्यांना विचारले, की आयोडीन कृत्रिम रीतीने किरणोत्सारी करता येईल काय? त्या प्रश्नातून संशोधन उभे राहिले आणि १९४१ साली पहिल्या रुग्णावर उपचार झाले. विद्यार्थी मित्रांनी हा प्रसंग जरूर ध्यानात ठेवावा. मुंबईत परळ येथे १९६३ साली स्थापन झालेल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये हे उपचार केले जातात. त्यानंतर अनेकांची ग्रंथी मंदावते व थायरॉक्सिनची गोळी रोज घ्यावी लागते. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या मातांना मात्र हा उपचार देत नाहीत.

रुग्णांनी व घरच्यांनी काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. बरे वाटू लागले म्हणून गोळ्या मनाने बंद करू नयेत. औषध बहुधा वर्ष-दीड वर्ष चालते. कार्बिमॅझोल चालू असताना ताप आला किंवा घसा दुखू लागला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे व रक्तातील पांढऱ्या पेशी तपासून घ्याव्यात. या औषधाने क्वचित त्या पेशी धोकादायक प्रमाणात घटतात. गरोदर असल्यास किंवा दिवस राहण्याची शक्यता असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे. विडी-सिगारेटने डोळ्यांचा त्रास निश्चित वाढतो, म्हणून ती सोडावी. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असल्यास तपासणीपूर्वी तसे सांगावे, कारण त्यामुळे अहवाल चुकू शकतो.

कालामांना उपदेश करताना तथागतांनी ऐकीव गोष्टींवर किंवा परंपरेवर विसंबून राहू नका, असे सांगितले. आपल्या वस्तीत एखादी भगिनी खंगत चालली असेल, तिची छाती धडधडत असेल, तर तिच्या स्वभावाची चर्चा करण्याऐवजी तिला सोबत घेऊन जवळच्या सरकारी दवाखान्यात जावे. शिकलेल्या तरुणांनी तिच्या घरच्यांना अहवालाचा अर्थ डॉक्टरांकडून समजावून घेण्यास मदत करावी. आरोग्य शिबिरांच्या वेळी रक्तदाबाबरोबर या लक्षणांचीही विचारपूस व्हावी, अशी आमची सर्व सभासदांना विनंती आहे.