पॉमेरेनियन की शिह त्झू?

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. आम्ही नागपूरला राहतो. शेजारची नववीतली मुलगी एका संध्याकाळी कागद घेऊन माझ्याकडे आली. कागदावर दोन रकाने होते. एकावर लिहिले होते ‘पॉमेरेनियन’ व दुसऱ्यावर ‘शिह त्झू’. घरी कुत्रा आणायला आईबाबांची परवानगी मिळाली होती. रंग, डोळे, केस, किंमत अशा सर्व नोंदी तिने केल्या होत्या. “काका, यांतला कोणता आणू?” तिने विचारले. मी म्हणालो, “तुझ्या कागदावर एक ओळ राहिली आहे. तपमान!”

ती ओळ तुम्ही आम्ही मिळून भरू या.

पॉमेरेनियनचे नाव बाल्टिक समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोमेरेनिया प्रदेशावरून पडले. त्याचे पूर्वज थंड प्रदेशातले, आकाराने बरेच मोठे कुत्रे होते. राणी व्हिक्टोरियाने १८८८ साली इटलीतून असा एक लहान कुत्रा आणला आणि छोट्या पॉमेरेनियनची आवड वाढली. शिह त्झूची मुळे तिबेट व चीनमध्ये आहेत. त्याच्या नावाचा अर्थच ‘सिंह’. पॉमेरेनियनचे वजन साधारण दीड ते सव्वातीन किलो, तर शिह त्झूचे चार ते सव्वासात किलो. (आपल्याकडे ज्याला सर्रास ‘पॉमेरेनियन’ म्हणतात, तो पुष्कळदा त्याहून मोठा असा ‘इंडियन स्पिट्झ’ असतो, हेही ध्यानात ठेवा.)

आता केसांचा विचार करू. पॉमेरेनियनच्या अंगावर दोन थर असतात: आत दाट, मऊ लोकर व बाहेर राठ, लांब केस. या केसांत हवा अडकून राहते आणि हवा ही उष्णतेची दुर्वाहक आहे. दुलईतला कापूस हेच काम करतो. मग उन्हाळ्यात सरळ हजामत केली तर? मुळीच नको! हेच आवरण उन्हाचे चटके अंगापर्यंत पोहोचू देत नाही. शिवाय पॉमेरेनियनचे केस मुळापासून कापले, तर ते कधीकधी नीट परत येतच नाहीत. मात्र ते झडतात खूप, म्हणून नेमाने विंचरावे लागतात. शिह त्झूचे केस कमी झडतात, परंतु आपल्या केसांसारखे वाढतच राहतात. ते रोज विंचरले नाहीत तर त्यांच्या गाठी होतात. हे केस मात्र आखूड ठेवता येतात.

पण अंगातली उष्णता बाहेर जाते कशी? आपल्याला घाम येतो. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या तळव्यांना, आणि तेवढ्याने भागत नाही. म्हणून तो धापा टाकतो. नाक, जीभ व तोंड यांच्या ओल्या पृष्ठभागांवरून हवा वेगाने जाते, पाण्याचे बाष्पीभवन होते आणि त्यासाठी लागणारा अप्रकट उष्मा शरीरातून घेतला जातो. शरीराच्या तपमानाला १ ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. म्हणजे १० ग्रॅम, दोन चमचे पाणी उडून गेले, की ५८०० कॅलरी बाहेर! शरीराची विशिष्ट उष्णता ०.८३ धरली, तर एवढ्या उष्णतेने ५ किलोच्या कुत्र्याचे तपमान सुमारे १.४ अंश सेल्सिअसने उतरेल. तुम्हीच गुणाकार करून पाहा.

धापा टाकण्यातही एक गंमत आहे. कुत्रा मिनिटाला सुमारे ३०० श्वास घेतो, तरी दमत नाही. कारण त्याच्या छातीची व फुप्फुसांची नैसर्गिक कंप्रता जवळपास तेवढीच असते. झोका त्याच्या लयीत ढकलला तर थोड्या जोराने मोठा जातो ना? तेच हे अनुस्पंदन!

आणि इथेच दोघांत फरक पडतो. पॉमेरेनियनचे नाक लहान, पण पुढे आलेले असते. शिह त्झूचा चेहरा चपटा. नाकातली जागा दाटीवाटीची असल्याने श्वासाला अडथळा होतो आणि बाष्पीभवनाला पृष्ठभागही अपुरा पडतो. उष्माघाताचा धोका अशा चपट्या चेहऱ्याच्या कुत्र्यांना अधिक असतो.

आपल्या गावची हवाही पाहायला हवी. कुत्र्याचे तपमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असते. नागपूरला मे महिन्यात हवा ४५ अंशांवर गेली, की वहन व प्रारण यांनी उष्णता बाहेर जाण्याऐवजी आत येऊ लागते. तेव्हा बाष्पीभवन हाच एक मार्ग उरतो. मुंबई-गोव्याला हवा इतकी तापत नाही, पण दमट असते, म्हणून बाष्पीभवन मंदावते. एक प्रयोग करा. दोन तपमापके घ्या, एकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळा व पंख्याखाली ठेवा. दोन्ही आकड्यांतला फरक एप्रिलमध्ये व जुलैमध्ये नोंदवा. फरक जितका कमी, तितके कुत्र्याचे धापा टाकणे व्यर्थ.

मग निवड कोणती? शिह त्झू स्वभावाने शांत, फ्लॅटला सोयीचा. पॉमेरेनियन भुंकतो फार. त्याची श्वासनलिका नाजूक असते, म्हणून दोरी गळपट्ट्याला न बांधता छातीच्या पट्ट्याला बांधावी. पण त्या मुलीचे घर वरच्या मजल्यावर, आईबाबा नोकरीला, दुपारी पंखा बंद. अशा घरात चपट्या नाकाचा कुत्रा ठेवू नये, असे मी तिला स्पष्ट सांगितले. पॉमेरेनियनलाही तिथे एकटे ठेवणे बरे नव्हे.

तिने दोन दिवस विचार केला. पॉमेरेनियनच आणायचा, पण पावसाळा सुरू झाल्यावर आणि दुपारी आजी राहायला आल्यावर, असे ठरले. जुलैत पिल्लू आले. रेबीजची लस त्याला वेळेवर टोचली. उन्हाळ्यासाठी नियम भिंतीवर लागले आहेत: फिरणे पहाटे, हाताची मागची बाजू रस्त्यावर पाच सेकंद ठेववत नसेल तर बाहेर नेणे नाही, बंद मोटारीत क्षणभरही ठेवणे नाही, पाण्याचे भांडे सदैव भरलेले.

तुमच्याही घरी असा कागद तयार होत असेल, तर ‘गोंडस’ या ओळीच्या वर ‘तपमान’ ही ओळ लिहा. दारातले आखूड केसांचे, लांब नाकाचे गावठी पिल्लू त्या परीक्षेत कदाचित दोघांच्याही पुढे जाईल!