बोलकी पाटी आणि मादाम गेरँ

शिक्षणाच्या साधनांचा इतिहास हा माझा जुना व्यासंग आहे, आणि त्यामुळे टॅब नावाची काचेची पाटी जिल्हा परिषदेच्या शाळांतून दिसू लागली तेव्हा तिच्या गुणदोषांपेक्षा तिच्या वंशावळीविषयीच मला अधिक कुतूहल वाटले. तिच्यामुळे मुलांचे डोळे बिघडतात की बुद्धी उजळते, या वादावर दोन्ही पक्षांनी इतकी शाई खर्च केली आहे की त्यात आणखी थेंबाची भर घालण्याचे प्रयोजन नाही. माझा विषय त्याहून लहान आहे. ज्या मुलाची वाणी स्वमग्नतेने, मेंदूच्या पक्षाघाताने किंवा बौद्धिक अक्षमतेने अडून राहिली आहे, त्याच्या हाती ही पाटी आली म्हणजे नेमके काय घडते, आणि ते घडण्यासाठी त्याच्या शेजारी कोणी बसावे लागते, एवढेच मला पाहावयाचे आहे.

त्यासाठी प्रथम १८०१ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अहवालाकडे जावे लागते. फ्रान्सच्या आव्हेरों प्रांतातील अरण्यात एकाकी वाढलेला, अकराबारा वर्षांचा, वाचाहीन मुलगा आदल्या वर्षी माणसांत आला आणि पॅरिसच्या मूकबधिर संस्थेत दाखल झाला. तेथील तरुण वैद्य झाँ इतार याने त्याला शिकविण्याचा संकल्प सोडला आणि त्याचे नाव व्हिक्टर ठेवले. ही कथा बहुतेकांना ठाऊक असते. परंतु अहवालातील एक लहानसा प्रसंग, ज्यावर चरित्रकार सहसा रेंगाळत नाहीत, तो मला साऱ्या हकिकतीचा गाभा वाटतो.

इतारने सुटी अक्षरे करविली होती. एके दिवशी त्याने दूध या अर्थाच्या ‘ले’ (lait) या फ्रेंच शब्दाची चार अक्षरे मेजावर क्रमाने मांडली. मुलाचा सांभाळ करणारी मादाम गेरँ जवळ आली, तिने ती अक्षरे पाहिली आणि दुधाचा पेला इतारच्या हाती दिला, आणि इतारने तो पिण्याचा बहाणा केला. मग तीच अक्षरे व्हिक्टरला देण्यात आली. त्याने ती तत्काळ मांडली, पण उलट्या क्रमाने. इतारने बोटाने दाखवून क्रम सुधारून घेतला आणि मुलाला दूध मिळाले. पुढे काही दिवसांनी व्हिक्टर ज्या घरी रोज दूध पिण्यास जात असे तेथे निघताना, कोणी न सांगता, तीच चार अक्षरे त्याने खिशात घातली आणि त्या घरच्या मेजावर मांडून दाखविली.

या प्रसंगात इतारच्या कल्पकतेची जितकी वाखाणणी व्हावी तितकीच, किंबहुना किंचित अधिक, मादाम गेरँची व्हावी असे माझे मत आहे. कारण अक्षरे मांडली की माणूस ती वाचतो आणि दूध देतो, ही गोष्ट मुलाने तिच्या वागणुकीतून पाहिली. आजचे वाचा-उपचारतज्ज्ञ पालकांना प्रथम हेच सांगतात, की यंत्र मुलापुढे ठेवून ‘बोल’ म्हणू नका. आधी स्वतः त्यावर बोट ठेवून बोला, मुलाला पाहू द्या, आणि ते पुष्कळ दिवस करा. इतारचे पुढे काय झाले? त्याने १८०६ साली दुसरा अहवाल लिहिला, मुलगा बोलावयास शिकला नाही म्हणून हाय खाल्ली, आणि कर्णरोगांच्या अभ्यासात कीर्ती मिळविली. मादाम गेरँने मात्र सरकारी खजिन्यातून मिळणाऱ्या तुटपुंज्या वेतनावर व्हिक्टरला आपल्याजवळ ठेवले, ते १८२८ साली त्याचा मृत्यू होईपर्यंत. तिने स्वतः काही लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही. दफ्तरांत ती येते ती इतरांच्या वाक्यांतून.

इतारचा शिष्य एदुआर सेगँ याने बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी साधनांची एक सबंध पद्धती रचली. फळीतील खाचांत त्या त्या आकाराचे ठोकळे बसविण्याचा जो खेळ आज प्रत्येक टॅबवर बोटाने सरकवून खेळला जातो, तो मूळचा त्याचा. रोममध्ये अशाच मुलांना शिकविणाऱ्या मारिया माँटेसोरीने सेगँचा सहाशे पृष्ठांचा फ्रेंच ग्रंथ इटालियनमध्ये स्वहस्ताने उतरवून काढला, आणि ते काम संपते न संपते तोच त्याचा १८६६ सालचा इंग्रजी ग्रंथ न्यूयॉर्कहून तिच्या हाती आला. कुणा वैद्याच्या खासगी संग्रहातून टाकून दिलेल्या पुस्तकांत तो सापडला होता! सामान्य मुलांसाठी तिची बालगृहे १९०७ साली निघाली ती या रद्दीत निघालेल्या विद्येच्या बळावर. म्हणजे अपंग बालकांसाठी शोधलेले साधन पुढे सुखवस्तूंच्या बालमंदिराचे भूषण झाले. टॅबच्या बाबतीत प्रवास नेमका उलट दिशेने चालला आहे.

या परंपरेचा मराठी धागा विदर्भाला स्पर्शून जातो. विवाहानंतर अमरावतीला संसार थाटलेल्या ताराबाई मोडक पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या, १९२६ साली त्यांच्यासह नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, आणि १९४५ पासून बोर्डी व नंतर कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्या साहाय्याने त्यांनी जे केले ते मला माँटेसोरीच्या मूळ कार्याइतकेच मोलाचे वाटते: महागड्या साधनांच्या जागी त्यांनी बिया, पाने, खडे आणि शिंपले आणले. साधनाचे तत्त्व परदेशी असेना. त्याचे द्रव्य मुलाच्या अंगणातले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

आता टॅबकडे येतो. बोलू न शकणाऱ्यांसाठी चित्रे दाबली की शब्द उच्चारणारी यंत्रे पाश्चात्त्य देशांत पूर्वीपासून होती, पण त्यांची किंमत हजारो डॉलरांत असल्यामुळे आपल्याकडे ती अपवादानेच येत. चेन्नईच्या अजित नारायणन यांनी ‘आवाज’ हे स्वदेशी साधन घडविले आणि त्याचे पुढे टॅबवरील ॲप झाले, तर मुंबईच्या आय.आय.टी.तील आय.डी.सी. या अभिकल्प विद्यालयात ‘जेलो’ नावाचे ॲप तयार झाले, जे विनामूल्य आहे आणि मराठीतही आहे. जेलोची रचना मला विशेष चतुर वाटते. मध्यभागी वस्तूंची चित्रे, आणि कडेला सहा भावदर्शक कळा: आवडते, हो, आणखी, आणि त्यांच्या समोर नावडते, नाही, कमी. केवळ ‘भात’ असे नाम उच्चारून मूल थांबत नाही. ‘आणखी’ किंवा ‘नको’ म्हणण्याचा हक्क त्याला प्रथमच मिळतो. नकार देण्याची सोय ज्या साधनात नाही ते संभाषणाचे साधन म्हणण्यास मी तयार नाही.

हे सर्व भंडारा जिल्ह्यात आणले की एक निराळाच पेच उभा राहतो. साकोली, लाखनी, लाखांदूर या बाजूच्या घरांत बोलली जाते ती झाडीबोली, जिच्या अभ्यासासाठी साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्य वेचले. या बोलीत ण, श आणि ळ यांना थारा नाही. पाण्याचे पानी होते, डोळ्याचा डोरा होतो, आणि शाळेचीसुद्धा सारा होते. आता दोन प्रकारच्या मुलांचा विचार करा. पहिले मूल बोलते, पण वाचन-लेखनात अडखळते. ते ‘पानी’ लिहिते तेव्हा ती घरच्या वाणीची प्रामाणिक नोंद आहे की अध्ययन-अक्षमतेचे लक्षण, हे ठरविण्यास झाडीचा कान लागतो. मुलाचे वाचन ऐकून चुका दाखविणारी जी ॲप्स निघाली आहेत, ती प्रमाण उच्चारांवर घडविलेली असली तर त्यांच्या निवाड्यावर या मुलखात कितपत विसंबावे, याची मला मोठी शंका आहे. दुसरे मूल बोलतच नाही. त्याच्या टॅबमधील यंत्रध्वनी पुणेरी शुद्धतेने ‘डोळा दुखतो’ म्हणतो, आणि घरात तसे कोणीच म्हणत नाही.

उपाय अगदी साधा आहे, आणि तो साधा असल्यामुळेच कोणत्याही निविदेत येत नाही. अशा कित्येक ॲप्समध्ये घरच्या वस्तूंची छायाचित्रे घालण्याची आणि ओळखीच्या माणसाचा आवाज भरण्याची सोय असते. दिवाळीनंतर या भागात गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते, रात्री दंडार हे लोकनाट्य उभे राहते. त्या मंडईचे चित्र कोणा मुंबईच्या रचनाकाराने आधीच काढून ठेवले असेल अशी अपेक्षा करणे त्याच्यावरही अन्याय होईल. ते आईने, आजीने, नाही तर फिरत्या विशेष शिक्षकाने घालावयाचे. पण भाताच्या रोवणीच्या दिवसांत आई चिखलात वाकलेली असते, आणि विशेष शिक्षकाच्या वाट्याला गावेच इतकी असतात की एका घरी सलग बसणे त्यास परवडत नाही.

सरकार उदासीन आहे असे मी म्हणणार नाही. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले, त्यात स्वमग्नता आणि अध्ययन-अक्षमता आली, आणि विदर्भाला फार जवळचा असलेला सिकलसेलचा आजारही आला. (वेदनेचे झटके येऊन वारंवार शाळा बुडणाऱ्या त्या मुलांना अंथरुणात टॅबवर धडा मिळणे हा मला या यंत्राचा सर्वांत निर्विवाद उपयोग वाटतो, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते.) मुंबईच्या जय वकील संस्थेने बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी रचलेला ‘दिशा’ अभ्यासक्रम राज्यभरच्या विशेष शाळांतून चालतो. पण टॅबचे जे मोठे वाटप गाजले ते कोणाला झाले? २०१५ साली मुंबई महापालिकेने आठवीच्या विद्यार्थ्यांना टॅब दिले. नागपूरच्या महाज्योती संस्थेने ते अभियांत्रिकी व वैद्यकीय प्रवेशपरीक्षांची तयारी करणाऱ्यांना दिले. दोन्ही वाटपे योग्यच. तथापि ज्याला परीक्षा द्यावयाची आहे त्याला हे यंत्र एक पुस्तक असते, आणि ज्याला ‘तहान लागली’ म्हणता येत नाही त्याला ते कंठ असते, हा तारतम्यभाव तजविजीच्या मसुद्यात उमटलेला मला दिसला नाही.

माझी मागणी माफक आहे. यंत्राच्या किमतीखाली एक ओळ मादाम गेरँसाठी असावी: घरातील एका व्यक्तीस, रोवणी सुरू होण्यापूर्वीच्या मोकळ्या दिवसांत, मजुरी बुडाल्याचा मोबदला देऊन शिकवावे, चित्रे तिच्याकडून निवडून घ्यावीत आणि आवाज तिचाच भरावा. यावर कोणी शिक्षक असा आक्षेप घेईल, की मुलाच्या यंत्रात ‘डोरा’ भरला तर त्याची मराठी कायमची बिघडेल. हा आक्षेप मला मान्य नाही. जे मूल अद्याप एकही शब्द उच्चारीत नाही त्याचे शब्द बिघडण्याची चिंता फार लवकर केल्यासारखी होते. त्याला आज जो शब्द हवा आहे तो आईला तत्काळ कळणारा हवा. ‘डोळा’ पाठ्यपुस्तकाबरोबर शेजारच्या चौकटीत खुशाल घालावा; टॅबवर चौकटींना तोटा नाही.