मूल फिकट दिसतंय? थोडं रक्ताबद्दल



‘अंगात रक्त कमी आहे’ हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलोय. पण तो गावाकडचा, गरिबीचा आजार, इथे म्युनिक-फ्रांकफुर्टात त्याचं काय काम, असं अनेकांना वाटतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ६९ टक्के मुलांना ॲनिमिया आढळला. एवढा मोठा आकडा फक्त गरिबांचा असू शकत नाही.

यातल्या बहुतेकांचा ॲनिमिया सौम्य किंवा मध्यम असतो. पाच वर्षांखालच्या मुलाचं हिमोग्लोबिन ७ ग्रॅमच्या (दर डेसिलिटर) खाली गेलं तर त्याला गंभीर ॲनिमिया म्हणतात. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. जर्मनीत, विशेषतः पूर्वेकडच्या राज्यांत, लॅबचा रिपोर्ट अनेकदा ‘मिलिमोल’मध्ये येतो. त्या मापात ११ ग्रॅम म्हणजे ६.८ आणि ७ ग्रॅम म्हणजे ४.३. तेव्हा ६.८ वाचून घाबरण्याआधी एकक बघा!

हा आजार फसवा आहे. रक्त हळूहळू कमी झालं तर शरीर जुळवून घेतं, आणि हिमोग्लोबिन ५ असलेलं मूलही घरभर खेळत असतं. सावळ्या रंगात फिकटपणा चेहऱ्यावर दिसत नाही. त्यासाठी तळहात, नखं आणि डोळ्याच्या खालच्या पापणीची आतली बाजू बघावी. माती, खडू, बर्फ खाणं, चिडचिड, जिना चढताना धाप ही आणखी लक्षणं.

कारणं ढोबळमानाने तीन: रक्त कमी तयार होणं, तांबड्या पेशी फुटणं, आणि रक्त वाहून जाणं.

पहिल्यात सर्वांत मोठा वाटा लोहाच्या कमतरतेचा, आणि आपल्या घरात तिचं एक कारण म्हणजे चक्क दूध. ‘जेवत नाही, पण दूध तर पितो ना’ हे आजीचं समाधान इथे उलटतं. गाईच्या दुधात लोह अगदी कमी, ते दुसऱ्या अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाही, आणि पोट भरल्यामुळे मूल जेवत नाही. जर्मनीत पाचव्या-सातव्या महिन्यात बाळाला मांस घातलेला भाजी-बटाट्याचा ‘ब्राय’ सुचवतात तो लोहासाठीच. शाकाहारी घरांसाठी ओट्स आणि फळांचा रस घालून तोच प्रकार चालतो. नुसत्या वरणभातावर वर्ष काढू नये.

बी-१२ हाही आपला कच्चा दुवा. आईलाच ते कमी असेल तर अंगावर पिणाऱ्या बाळालाही मिळत नाही. हायडेलबर्गच्या नवजात तपासणी प्रकल्पात बी-१२ कमी असलेली जी बाळं सापडली, त्यांतल्या बहुतेकांच्या बाबतीत मूळ कारण आईच्या शरीरातली कमतरता हेच होतं.

पेशी फुटण्याचे आजार अनेकदा आनुवंशिक असतात. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल बराच आढळतो. जर्मनीत प्रत्येक नवजात बाळाची सिकलसेल तपासणी ऑक्टोबर २०२१ पासून होते. म्हणजे त्याआधी जन्मलेली किंवा भारतातून आलेली आपली मुलं त्या जाळ्यातून सुटलेली असू शकतात. शिवाय नुसते वाहक असल्यास ही तपासणी ते कळवत नाही. सिकलसेलच्या लहान मुलात प्लीहेत अचानक रक्त साठून काही तासांत हिमोग्लोबिन कोसळू शकतं, म्हणून आईबाबांना पोटावर हात ठेवून प्लीहा चाचपायला शिकवतात.

थॅलेसेमिया मायनरची गोष्ट वेगळी. त्यात मूल ठणठणीत असतं, पण रिपोर्ट लोहाच्या कमतरतेसारखा दिसतो आणि कारण नसताना वर्षानुवर्षं लोहाचं औषध चालू राहतं. पेशी लहान, पण त्यांची संख्या भरपूर आणि फेरिटिन नॉर्मल असेल, तर हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिसबद्दल विचारा. आईबाबा दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मेजरची शक्यता २५ टक्के असते.

काही कारणं बाहेरून येतात. सुट्टीत भारतात जाऊन आल्यावर ताप आला, अगदी काही महिन्यांनी आला तरी, मलेरियाचं नाव डॉक्टरांसमोर घ्या. आणि २०११ चा उत्तर जर्मनीतला ईहेक जंतूंचा उद्रेक आठवतोय? तो पसरला मोड आलेल्या मेथीतून! पन्नासहून अधिक माणसं दगावली. हे जंतू पेशी फोडतात आणि मूत्रपिंडं बंद पाडतात. एरवी याचा धोका लहान मुलांनाच जास्त. तेव्हा छोट्यांना मोड शिजवूनच द्या.

एका मुलात अनेक कारणं एकत्र असू शकतात. आफ्रिकेतल्या मलावीमध्ये इस्पितळात दाखल झालेल्या गंभीर ॲनिमियाच्या मुलांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे रक्तातला जंतुसंसर्ग, मलेरिया, हूकवर्म, बी-१२ची कमतरता अशी कारणं पुढे आली आणि लोहाची कमतरता ठळक दिसलीच नाही. म्हणून तपासणीआधी स्वतःच्या मनाने टॉनिक सुरू करू नये.

इथल्या ‘ऊ’ तपासण्यांमध्ये रक्ताची नेहमीची तपासणी नसते, त्यामुळे शंका असेल तर आपणच ‘ब्लुटबिल्ड’ मागायचा. घराण्यात कोणाला सिकलसेल, थॅलेसेमिया आहे का, हे भारतात फोन करून विचारा आणि पिवळ्या वहीबरोबर लिहून ठेवा. आपण सांगितलं नाही तर इथल्या डॉक्टरांना ते सुचेलच असं नाही.

मूल अचानक पांढरंफटक पडलं, सुस्तावलं, धाप लागली, लघवी चहासारखी झाली किंवा अंगावर निळे डाग उठले, तर सकाळची वाट न बघता ११२ लावा.