प्रोस्टेटची व्याधी आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया

अफझलगंजात पेढ्या असलेल्या आमच्या व्यापारी बंधूंस उस्मानिया रुग्णालयाचा परिचय करून देण्याचे कारण नाही. १९०८ सालच्या मुसीच्या महापुराने येथील जुने रुग्णालय उद्ध्वस्त केले. पुढे व्हिन्सेंट एश यांच्या आराखड्याप्रमाणे ही भव्य वास्तू उभी राहिली. त्याही आधी, १८८८ व १८८९ साली, डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने याच शहरात क्लोरोफॉर्मच्या परीक्षणासाठी दोन आयोग बसले होते. शस्त्रक्रियेचे भय घालविण्याची खटपट हैदराबादेस अशी जुनीच आहे. तथापि एका व्याधीविषयी आमच्या वडीलधाऱ्या मंडळींचे भय, आणि त्याहून अधिक त्यांचा संकोच, अद्याप गेलेला दिसत नाही. ती व्याधी म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीची वाढ.

मूत्रमार्गास वेढून असलेली ही अक्रोडाएवढी ग्रंथी उतारवयात वाढू लागते. धार बारीक होते, रात्री पुन्हा पुन्हा उठावे लागते. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे, मात्र तशी शंका तपासून दूर करावी लागते. पुष्कळांस औषधांनीच आराम पडतो. परंतु दुखणे लपविणाऱ्याची लघवी एखाद्या रात्री अजिबात अडते. क्वचित मूत्रपिंडे मुकाट्याने बिघडतात.

हिंदुस्थानात वैद्यकीय सेवा केलेले पीटर फ्रेयर १९०० च्या सुमारास लंडनमध्ये ओटीपोट उघडून ही ग्रंथी काढीत. १९२६ साली मॅक्सिमिलियन स्टर्न यांनी मूत्रमार्गातूनच दुर्बीण घालून विजेच्या तारेने ती कोरण्याचे उपकरण पुढे आणले. आता लेसरने मोठ्या ग्रंथीचाही वाढलेला गाभा सोडवून काढता येतो. वाफेचे अथवा बारीक टाक्यांचे उपचार याहून सौम्य. पण ते निवडक रुग्णांनाच मानवतात, आणि पुढे पुन्हा उपचाराची पाळी येण्याचा संभव अधिक. यास्तव नव्या मोसमाच्या मालाप्रमाणे ‘सर्वांत नवे कोणते?’ असे विचारणे आम्हांस अप्रस्तुत वाटते. आपली ग्रंथी किती ग्रॅमची, हे प्रथम विचारावे. कोरण्याच्या व लेसरच्या शस्त्रक्रियेनंतर वीर्य बहुधा बाहेर न येता मूत्राशयात जाते, हेही आधीच समजून घ्यावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ती लपवू नये, आणि स्वतःच्या मनाने बंदही करू नये.

चौविहार पाळणाऱ्यांस सायंकाळनंतरचा पाणीत्याग येथे काहीसा उपकारकच ठरतो. मात्र दिवसाही गादीवरून उठावे लागू नये म्हणून तहान मारणे घातक. सर्दीच्या काही गोळ्यांनीही लघवी अडते, तेव्हा त्या विचारूनच घ्याव्यात. शस्त्रक्रियेनंतर घरी लवकर येता येते, तरी डॉक्टर सांगतील तितके आठवडे पोत्यांना हात लावू नये.