आमरी : झाडावरची पाहुणी

जुन्या आंब्याच्या किंवा मोहाच्या झाडाखाली उभे राहून वर पाहिले, तर फांदीच्या बेचक्यात कधी कधी एक विलक्षण वनस्पती दृष्टीस पडते. तिची पाने जाड, लांबट आणि पन्हळीसारखी दुमडलेली असतात. खोडातून निघालेली पांढुरकी मुळे झाडाच्या सालीला बिलगून राहतात; काही मुळे तर सालीचाही आधार न घेता हवेतच लोंबकळत असतात. मातीशी तिचा काडीमात्र संबंध नसतो. एरवी तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. परंतु उन्हाळा सरत आला म्हणजे पानांच्या बगलेतून फुलांचा दांडा बाहेर पडतो आणि त्यावर सुगंधी फुले उमलतात. पिवळसर हिरव्या पाकळ्यांवर तपकिरी चौकटींची नक्षी आणि मधोमध जांभळट निळी जीभ, असे त्या फुलांचे रूप असते. ही वनस्पती म्हणजे आमरी होय. इंग्रजीत हिच्या कुळाला ऑर्किड म्हणतात व तो शब्द आता आपल्याकडेही रूढ झाला आहे.

भारतात आमरीच्या सुमारे साडेबाराशे जाती आढळतात. त्यांतील बहुतेक जाती हिमालय, ईशान्येकडील डोंगर आणि सह्याद्री अशा दमट प्रदेशांत वाढतात. आसाम आणि अरुणाचल प्रदेश ह्या दोन्ही राज्यांनी एकाच आमरीला राज्यपुष्पाचा मान दिला आहे. तिचा फुलोरा वेणीसारखा लोंबतो, म्हणून आपण तिला ‘सीतेची वेणी’ म्हणतो. आसामात बिहूच्या सणाला स्त्रिया तो फुलोरा केसांत माळतात. तथापि सर्वच आमरी थंड व ओल्या मुलुखाच्या रहिवासी नसतात. आरंभी जिचे वर्णन केले ती ‘वांडा’ जातीची आमरी विदर्भातील पानझडी रानांतही तग धरून राहते. जेथे वैशाखात पारा चाळीस अंशांच्या वर चढतो आणि पावसाळ्याचे चार महिने सोडले तर आकाशातून थेंब पडण्याची फारशी आशा नसते, तेथे मातीवाचून ही जगते तरी कशी, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

ह्या प्रश्नाला पुष्कळ लोक एकच उत्तर देतात : “त्यात काय मोठेसे? ती बांडगूळ आहे. झाडाचे रक्त पिऊन जगते.” आणि मग कोयता घेऊन तिला ओरबाडून काढले जाते. परंतु हा आरोप खरा नाही. झाडावर राहणाऱ्या वनस्पतींचे तीन प्रकार ध्यानात घेतले, म्हणजे ह्यातील अन्याय कळून येईल. पहिली अमरवेल. तिला ना धड पाने, ना जमिनीत मूळ. पिवळ्या सुतासारखी ती झाडाला वेढते आणि आपले सारे अन्न त्याच्यापासूनच घेते. दुसरे बांडगूळ. त्याला हिरवी पाने असतात व तो आपले अन्न काही अंशी स्वतः तयार करतो. परंतु पाणी आणि क्षार मात्र झाडाच्या फांदीत आपली शोषक मुळे घुसवून चोरतो. जेथे बांडगूळ फांदीला जडलेले असते, तेथे गाठीसारखी सूज दिसते. तिसरी आमरी. तिची मुळे सालीच्या वरच पसरतात, आत शिरत नाहीत. फांदीला भोक नाही, सूज नाही, जखम नाही. झाडाकडून ती एकच गोष्ट घेते, ती म्हणजे बसायला जागा. तेव्हा अमरवेल व बांडगूळ हे चोर. आमरी ही केवळ पाहुणी होय.

हा गैरसमज फार जुना आहे. संस्कृतात झाडावर वाढणाऱ्या परोपजीवी वनस्पतीला ‘वंदा’ म्हणतात. कलकत्त्यास न्यायाधीश असलेले संस्कृतचे पंडित सर विल्यम जोन्स ह्यांनी ह्याच शब्दावरून ह्या आमरीचे ‘वांडा’ हे नाव योजिले, आणि पुढे १८२० साली वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राऊन ह्यांनी ते शास्त्रात कायम केले. अशा रीतीने बिचारीचा काही अपराध नसता, चोराचे नाव तिच्या कपाळी आले.

आता ती जगते कशी, ते पाहू. तिचे रहस्य मुळांत आहे. आमरीच्या मुळावर निर्जीव, पोकळ पेशींचे एक जाड आवरण असते. ते टिपकागदासारखे काम करते. पावसाची सर आली, दव पडले किंवा सालीवरून पाण्याचा ओघळ वाहिला, की हे आवरण ते पाणी तत्काळ टिपून घेते आणि मग सावकाश आतील जिवंत मुळाला पुरवते. पाण्याबरोबर सालीवरील धूळ व कुजलेला पाचोळा ह्यांतील क्षारही तिला मिळतात. कोरडे असताना मूळ रुपेरी दिसते. भिजताच आतला हिरवा रंग वर उमटतो. पाण्याची दुसरी काटकसर पाने करतात. बहुतेक झाडे दिवसा पानांवरील सूक्ष्म छिद्रे उघडून हवा आत घेतात, आणि त्या वेळी त्यांच्यातील पाणी वाफ होऊन उडते. वांडा मात्र निवडुंगाप्रमाणे ही छिद्रे मुख्यतः रात्री उघडते आणि दिवसा उन्हात मिटून घेते. भिजणे आणि पुन्हा वाळणे, हाच तिच्या जीवनाचा क्रम आहे. मुळांना पाण्याइतकीच वाऱ्याचीही गरज असते. सतत ओल्या मातीत ती पुरली, तर गुदमरून कुजतात.

ही साधी गोष्ट न कळल्यामुळे केवढी हानी झाली, ते इंग्लंडातील आमरींच्या इतिहासावरून दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उष्ण देशांतून जहाजे भरभरून आमरी तेथे नेल्या जात. ‘उष्ण देशातील वनस्पती, तेव्हा हिला उष्णताच हवी’ असा सरळ हिशेब करून तेथील श्रीमंत लोक त्यांना काचेच्या बंद घरांत, शेगडीच्या धगीत आणि कोंदट वाफेत ठेवीत. परिणामी असंख्य आमरी मेल्या. चॅट्सवर्थ येथील उद्यानाचे प्रमुख जोसेफ पॅक्स्टन ह्यांनी निराळी वाट धरली. १८३५ साली तेथील जॉन गिब्सन नावाच्या तरुण माळ्याला हिंदुस्थानात पाठविण्यात आले, आणि खासी टेकड्यांतून अनेक आमरी घेऊन तो १८३७ मध्ये परतला. पॅक्स्टन ह्यांनी आपल्या काचघरांत ताजी हवा खेळती ठेवली, धग कमी केली आणि जमिनीवर पाणी शिंपडून हवेत ओलावा राखला. आमरी जगू लागल्या. आधीच्या लोकांचे प्रेम काही कमी नव्हते. उणीव होती ती ज्ञानाची.

आपल्या अंगणात आमरी वाढवायची असेल, तर हाच धडा उपयोगी पडतो. वाशीम जिल्ह्यातील केनवडसारख्या गावाचे उदाहरण घेऊ. येथे उन्हाळा कडक, वारा कोरडा आणि दुपारच्या झळा असह्य असतात. म्हणून पहिला प्रश्न जागेचा. अंगणातील झाडाच्या पूर्वेकडील फांदीवर, जेथे सकाळचे कोवळे ऊन पोहोचते पण दुपारी पानांची सावली असते, तेथे आमरी सुखाने राहते. झाड नसेल, तर पूर्वेकडील ओसरीत हिरव्या जाळीची किंवा बांबूच्या तट्ट्याची सावली करावी. दुसरा प्रश्न बैठकीचा. कुंडीत माती भरून तिच्यात वांडा लावू नये. लाकडी पट्ट्यांच्या उघड्या टोपलीत कोळशाचे व विटेचे तुकडे घालून त्यांवर तिला बसवावे. किंवा खडबडीत सालीच्या ओंडक्याला सुती दोऱ्याने सैलसर बांधावे. दोरा कुजून तुटेपर्यंत मुळे ओंडका घट्ट धरतात.

तिसरा प्रश्न पाण्याचा, आणि येथेच बहुतेकांचा हात चुकतो. पाणी किती द्यावे, हे घड्याळाला न विचारता मुळांना विचारावे. मुळे रुपेरी झाली, की पाणी द्यावे. ती सर्वत्र हिरवी होईपर्यंत द्यावे. आणि मग ती पुन्हा वाळू द्यावीत. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ पाणी लागेल. हिवाळ्यात दोन-तीन दिवसांआड पुरेल. पावसाळ्यात उघडीप पडली तरच द्यावे. शेंड्याच्या पानांत पाणी साचून राहिले, तर कोवळा कोंब सडतो. म्हणून ते निथळू द्यावे. विंधन विहिरीचे जड पाणी मुळांवर पांढरा थर धरते. त्यापेक्षा पन्हळीखाली साठविलेले पावसाचे पाणी उत्तम. झळांच्या दिवसांत टोपलीखाली वाळू व खडे घातलेले पाण्याचे परात ठेवावे, म्हणजे भोवतालची हवा ओलसर राहते. मात्र टोपली त्या पाण्यात बुडू देऊ नये. खत द्यायचे ते पाण्यात विरघळणारे व अगदी पातळ करून, वाढीच्या दिवसांतच द्यावे. मुळांवर शेणखताचा लेप देणे म्हणजे पाहुण्याला अजीर्ण करणे होय.

आमरी जगली, तरी फुलेलच असे नाही. फुलण्यासाठी तिला पुरेसा उजेड हवा, आणि तो पुरेसा आहे की नाही हे पानेच सांगतात. पाने गडद हिरवी व लुसलुशीत झाली, तर सावली फार झाली आहे; अशी आमरी दिसते गुटगुटीत, पण फुलत नाही. पाने पिवळी पडून त्यांवर करपल्याचे डाग आले, तर ऊन फार झाले आहे. पोपटी हिरवा रंग आला, की जागा योग्य आहे असे समजावे. काही जातींना विश्रांतीही लागते. सह्याद्रीतील पांढऱ्या फुलांची एक डेंड्रोबियम आमरी पावसाळ्यात जाडसर खोडात पाणी साठविते, नंतर सारी पाने टाकून देते आणि हिवाळा सरताना उघड्या काड्यांवर फुलते. पाने गळाली म्हणून घाबरून तिच्यावर पाण्याचा मारा केला, तर फुले नाहीतच, पण खोडही कुजते.

ह्यावरून कोणी म्हणेल, मग रानातूनच दोन-चार आमरी काढून आणाव्यात. परंतु एक आमरी वाढायला किती गोष्टींचा मेळ जमावा लागतो, ते आधी पाहावे. तिच्या एका बोंडात हजारो, काही जातींत तर लाखो बिया असतात. ह्या बिया धुळीच्या कणाएवढ्या असून त्यांत अन्नाची शिदोरी नसते. विशिष्ट प्रकारच्या बुरशीने अन्न पुरविले, तरच त्या रुजतात, हे फ्रेंच शास्त्रज्ञ नोएल बर्नार ह्यांनी १८९९ मध्ये शोधून काढले. पुढे १९२२ साली अमेरिकेतील ल्यूइस नडसन ह्यांनी साखर व क्षार घातलेल्या खळीवर, बुरशीवाचून, बाटलीत ह्या बिया रुजवून दाखविल्या. आजही रोपवाटिकांना बाटलीत वाढविलेली रोपे मिळतात, ती अशाच रीतीमुळे. रानात मात्र असंख्य बियांतून एखादीच रुजते व तिला फूल यायला कित्येक वर्षे लागतात.

बुरशीप्रमाणे कीटकही आमरीचा सोबती असतो. व्हॅनिला ही एक आमरीच आहे. तिचे मूळ घर मेक्सिको. हिंदी महासागरातील रेयूनियों बेटावर ती नेली, तेव्हा वेल वाढला, फुलला, पण शेंगा धरेनात. कारण परागसिंचन करणारे कीटक मेक्सिकोतच राहिले होते. १८४१ साली एदमाँ आल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या मुलाने बारीक काडी व अंगठा ह्यांच्या साहाय्याने फुलाचे परागसिंचन करण्याची युक्ती शोधून काढली, आणि हाताने व्हॅनिला पिकविण्याची ती रीत आजही जगभर चालते. हा मुलगा तुमच्याच वयाचा होता आणि तो गुलाम होता. त्याच्यापाशी शाळा नव्हती, पुस्तक नव्हते. फुलाकडे लक्षपूर्वक पाहणारे डोळे मात्र होते.

म्हणून रानातील आमरी रानातच राहू द्यावी. घरासाठी रोपवाटिकेतील रोप आणावे. वादळात आमरीसह एखादी फांदी मोडून पडली, किंवा रस्ता रुंद करताना जुना आंबा तोडला गेला, तर त्यावरील आमरी जमिनीवर टिकत नाही. ती तेथेच वाळून जाण्यापूर्वी वडीलधाऱ्यांच्या संमतीने व मदतीने जवळच्या दुसऱ्या झाडाला बांधून द्यावी. आणि पुढे कधी कोणी “हे बांडगूळ तोडून टाका” असे म्हणाले, तर कोयता उचलण्यापूर्वी वर चढून नीट पाहण्याची विनंती करावी. फांदीला गाठ आहे काय? मूळ सालीच्या आत गेले आहे की वरच पसरले आहे? ह्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली, की चोर कोण आणि पाहुणी कोण, ते आपोआप कळेल.