विश्लेषण : तीन वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला संघ शहराने का गमावला? कॉर्नवॉल रॉयल्सची गोष्ट काय सांगते?

कॅनडात आइस हॉकी हा केवळ खेळ नाही, तर हिवाळ्यातला रोजचा व्यवहार आहे. तिथल्या लहान शहरांना ओळख मिळते ती अनेकदा स्थानिक ज्युनियर संघामुळे. ऑन्टारियो प्रांतातील कॉर्नवॉल हे असेच एक शहर. ‘कॉर्नवॉल रॉयल्स’ने १९७२, १९८० आणि १९८१ असे तीनदा देशातील सर्वोच्च ज्युनियर जेतेपद, म्हणजे मेमोरियल कप पटकावला. तरीही १९९२ मध्ये हा संघ शहर सोडून गेला आणि दोन वर्षांत ‘रॉयल्स’ हे नावही पुसले गेले. मैदानावरचे यश संघ टिकवायला पुरेसे का ठरले नाही?

कॉर्नवॉल कुठे आहे?

सेंट लॉरेन्स नदीच्या काठी, ऑन्टारियोच्या पूर्व टोकाला. पलीकडे अमेरिकेचे न्यूयॉर्क राज्य, तर काही अंतरावर क्वेबेक प्रांताची हद्द. ओटावा आणि मॉन्ट्रियल ही मोठी शहरे साधारण शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. कापड, कागद आणि कृत्रिम धाग्याच्या गिरण्यांवर वाढलेले हे कामगारांचे शहर. रॉयल्सच्या भरभराटीच्या काळात लोकसंख्या जेमतेम ४५-४६ हजार. हॉकीची परंपरा मात्र जुनी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा नामवंत खेळाडू न्यूझी लालोंड याचा जन्म इथलाच.

ज्युनियर हॉकी म्हणजे नेमके काय?

यात प्रामुख्याने १६ ते २० वर्षे वयाचे खेळाडू असतात. देशात तीन प्रमुख लीग आहेत : पश्चिमेकडील, ऑन्टारियोची आणि क्वेबेकची. नॅशनल हॉकी लीग अर्थात एनएचएल या व्यावसायिक स्पर्धेत जाण्याचा हा मुख्य मार्ग. खेळाडूंना व्यावसायिकांसारखा पगार नसतो, किरकोळ भत्ता मिळतो. घरापासून दूर आलेली मुले शहरातील यजमान कुटुंबांकडे राहतात आणि तिथल्याच शाळेत शिकतात. त्यामुळे संघ आणि शहर यांचे नाते प्रेक्षकांच्या बाकापुरते राहत नाही, ते स्वयंपाकघरापर्यंत पोहोचते. तीन लीगमधील सर्वोत्तम संघ मेमोरियल कपसाठी भिडतात. पहिल्या महायुद्धात प्राण गमावलेल्या कॅनडाच्या सैनिकांच्या स्मरणार्थ १९१९ मध्ये हा चषक सुरू झाला.

ऑन्टारियोतील संघ क्वेबेकच्या लीगमध्ये कसा?

कारण भूगोल. १९६९ मध्ये क्वेबेक मेजर ज्युनियर हॉकी लीग सुरू झाली तेव्हा रॉयल्स तिच्या संस्थापक संघांत होते. मॉन्ट्रियल परिसरातील प्रतिस्पर्धी बसने सहज गाठता येत होते. १९७२ मध्ये मेमोरियल कप प्रथमच तीन लीग विजेत्यांच्या स्पर्धेच्या स्वरूपात ओटावात झाला. कॉर्नवॉलचाच भूमिपुत्र ऑर्व्हल टेसियर याच्या मार्गदर्शनाखाली रॉयल्सने अंतिम सामन्यात पीटरबरो पीट्सला २-१ असे नमवले. गोलरक्षक रिचर्ड ब्रोडर स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

सुवर्णकाळ कोणता?

१९७९ ते १९८१ हे दोन हंगाम. १९८० च्या अंतिम सामन्यात पुन्हा पीटरबरो समोर होते. अतिरिक्त वेळेत रॉबर्ट सावार्डच्या गोलने रॉयल्स ३-२ असे जिंकले. पुढच्या वर्षी विंडसर येथे किचनर रेंजर्सवर ५-२ अशी मात करून त्यांनी जेतेपद राखले. तेव्हाचे प्रशिक्षक बॉब किल्गर पुढे खासदार आणि कॉर्नवॉलचे महापौर झाले.

या यशाचा चेहरा होता डेल हावरचक. १९८०-८१ च्या हंगामात त्याने ७२ सामन्यांत ८१ गोल आणि १०२ साहाय्य असे १८३ गुण मिळवले. त्याच वर्षी एनएचएलच्या खेळाडू निवडीत विनिपेग जेट्सने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतले. त्याच संघातला लहान चणीचा डग गिल्मोर १९८२ च्या निवडीत थेट १३४व्या क्रमांकावर उचलला गेला. पुढच्याच हंगामात त्याने रॉयल्ससाठी १७७ गुण मिळवले आणि तो ऑन्टारियो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढे दोघांनाही हॉकीच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळाले.

मग बिनसले कुठे?

ज्युनियर संघाचे यश मुळातच अल्पायुषी असते. हावरचकसारखा खेळाडू अठराव्या वर्षी एनएचएलमध्ये जातो, उरलेले विसाव्या-एकविसाव्या वर्षी वयामुळे बाहेर पडतात. दर तीन-चार वर्षांनी संघ नव्याने उभारावा लागतो. मधल्या पडत्या काळात तग धरायला प्रेक्षक आणि पैसा लागतो.

दुसरा बदल झाला १९८१ मध्ये. रॉयल्स क्वेबेक सोडून ऑन्टारियो लीगमध्ये दाखल झाले. प्रांत आपला, पण लीगचे बहुतेक संघ पश्चिमेकडे. ओटावा, किंग्स्टन, बेलव्हिल वगळता प्रवास लांबचा. विंडसर तर साडेसातशे किलोमीटरहून दूर. त्यानंतर रॉयल्स पुन्हा मेमोरियल कपपर्यंत पोहोचले नाहीत. गुणवत्ता आटली होती असे मात्र नाही. १९९० मध्ये रॉयल्सचाच ओवेन नोलन एनएचएलच्या निवडीत पहिला आला. खेळाडू घडत होते, संघ मात्र दोन वर्षांत गेला.

निर्णय कोणाच्या हाती असतो?

इथेच खरी मेख आहे. आयपीएलमुळे ‘फ्रँचायझी’ हा शब्द आपल्याकडे रुळला आहे. कॅनडातील ज्युनियर संघही बहुतांशी तसाच : लीगने दिलेला परवाना, जो विकता येतो आणि लीगच्या संमतीने दुसऱ्या शहरात हलवता येतो. कॉर्नवॉलमध्ये बर्फाचे मैदान शहराचे, खेळाडूंना सांभाळणारी घरे शहराची, तिकिटे काढणारे लोक शहराचे. परवाना मात्र शहराचा नव्हता. तिकीटविक्री आणि स्थानिक जाहिराती हाच मुख्य आधार असलेल्या या व्यवसायात लोकसंख्येचे पारडे जड ठरते.

१९९२ मध्ये संघ टोरंटोच्या उत्तरेकडील न्यूमार्केटला गेला. तिथला व्यावसायिक संघ आदल्याच वर्षी सेंट जॉन्सला हलवला गेल्याने बर्फाचे मैदान रिकामे होते. पण न्यूमार्केटमध्येही जम बसला नाही. दोन हंगामांनंतर, १९९४ मध्ये संघ सार्नियाला पोहोचला आणि ‘सार्निया स्टिंग’ झाला. याच परवान्याखाली पुढे स्टीव्हन स्टॅमकोस घडला आणि २००८ च्या निवडीत पहिला आला.

हे फक्त कॉर्नवॉलचेच दुर्दैव आहे का?

नाही. १९८१ मधील रॉयल्सनंतर क्वेबेक लीगला मेमोरियल कपसाठी तब्बल १५ वर्षे वाट पाहावी लागली. १९९६ मध्ये तो जिंकला ग्रॅनबी या लहान शहराच्या संघाने. एका वर्षात तो संघही नोव्हा स्कॉशियातील सिडनी येथे हलवला गेला.

कॉर्नवॉलमध्ये आज काय उरले?

हॉकी थांबलेली नाही. १९९२ पासून ‘कॉर्नवॉल कोल्ट्स’ हा एक पायरी खालच्या स्तरावरील संघ शहरात खेळतो. गिरण्यांचे युग मात्र सरले. मोठी कागद गिरणीही २००६ मध्ये बंद झाली. रॉयल्सचे तीन चषक नोंदींमध्ये कॉर्नवॉलच्याच नावावर आहेत. परवाना विकता येतो, जिंकलेला सामना नाही. पण शहराला दर हिवाळ्यात हवा असतो तो पुढचा सामना, आणि त्यावर हक्क सांगण्याची सोय या व्यवस्थेत कॉर्नवॉलकडे नव्हती.